बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे मागा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गाडी सुरू होत नाही म्हटले की पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. अडचण अशी की संशयालाच निदान समजून बिल फाडले जाते. बॉनेट उघडायचे, टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर दाखवायचा, ‘बॅटरी गेली साहेब’ म्हणायचे आणि नवी बसवून मोकळे व्हायचे, हा प्रकार रस्त्याकडेच्या टपरीपासून चकाचक वर्कशॉपपर्यंत सगळीकडे चालतो. छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीला चार-पाच हजार जातात, स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू होणाऱ्या) गाडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. मूळ दोष अर्थिंगच्या वायरीत किंवा अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्रात) असेल तर थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा जागच्या जागी. मोटारीच्या वीजदुरुस्तीत काम करणाऱ्यांना रोज लागणाऱ्या, पण गाडीमालकापर्यंत सहसा न पोहोचणाऱ्या काही गोष्टी म्हणून मांडत आहे.

मीटर काढण्याआधी कान द्यावा. चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट-कट’ असा झरझर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. सेल्फचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटरला करंट जाऊ लागताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, भार गेल्याने व्होल्टेज वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. आवाज या चक्राचा असतो. एकच जड ‘टक्’ आला आणि पुढे शांतता, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट मोटरपर्यंत जातच नाही: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले किंवा कार्बन ब्रश झिजलेले. दिवे खूप मंदावले तर सेल्फ जाम असू शकतो, आणि अगदी विझलेच तर टर्मिनलकडे पाहावे. सेल्फ दणक्यात फिरतो पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी बॅटरीवाल्याला बोलावून उपयोग नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘काहीच आवाज नाही’ या प्रकारात. डॅशबोर्ड लखलखीत, हॉर्न खणखणीत, पण बटण दाबले तरी सेल्फ हूं की चूं करत नाही. आजच्या गाडीत तुम्ही बटण दाबता तेव्हा सेल्फला थेट वीज जात नाही. तो नुसता अर्ज असतो. मंजुरी कंट्रोल युनिट देते. त्याआधी ते ब्रेक दाबला आहे का, क्लच पूर्ण खाली आहे का, गिअर पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये आहे का, चावी ओळखीची आहे का, हे सारे पाहते. ब्रेक पेडलचा स्विच ही यातली अगदी स्वस्त वस्तू, पण तो बिघडला की अख्खी गाडी अडून बसते. तपासायला मीटरही लागत नाही. गाडीचा मागचा भाग भिंतीकडे असेल तर ब्रेक दाबून भिंतीवर लाल उजेड पडतो का ते पाहा. पडत नसेल तर स्विच किंवा त्याचा फ्यूज. बंद गाडीत ब्रेक चार-पाच वेळा दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे कडक होते. मग नेहमीच्या जोराने ते पुरेसे खाली जात नाही आणि स्विच लागत नाही. अशा वेळी पायात दम धरून दाबावे. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये सुरू होत नसेल तर एन मध्ये टाकून पाहावी. गिअरची जागा सांगणारा सेन्सर झिजला असेल तर एन मध्ये लगेच सेल्फ लागतो. मॅन्युअलमध्ये पायाखालची जाडी मॅट क्लचच्या आड येत नाही ना, एवढे बघितले तरी काही तक्रारी मिटतात.

चावीचेही तसेच. बटणाच्या गाडीची चावी स्वतः एका नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर चालते. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ असतो. तो संपला की दार उघडत नाही, बटण प्रतिसाद देत नाही आणि मालक गाडीच्या बॅटरीला दोष देतो. चावीच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली काढून दार उघडावे आणि चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबून बटण दाबावे. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने काम होते, कारण इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चिप सेलविनाही वाचली जाते. काही गाड्यांत चावी ठेवायची खास जागा कन्सोलमध्ये असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. डॅशबोर्डवर कुलूप किंवा चावीचे चिन्ह लुकलुकत राहिले तर दुसरी चावी वापरून बघा आणि पहिली लांब ठेवा.

आता मीटर. तीनचारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा आणि टोके टर्मिनलच्या क्लॅम्पवर न धरता बॅटरीच्या शिशाच्या खांबावर धरायची.

पहिला आकडा विसाव्याचा. गाडी रात्रभर उभी असावी; तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि पाच मिनिटे थांबावे, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ ला पाव, आणि ११.८ ला रिकामी समजावी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडला असेल तर एक कप्पा मेला आहे. तिथे चर्चा संपली, बॅटरी बदला.

दुसरा आकडा सेल्फ फिरत असतानाचा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटरवरचा सर्वांत खाली जाणारा आकडा टिपायचा. आपल्याकडच्या हवामानात चांगली बॅटरी १० च्या वर राहते, ९.६ च्या खाली गेली तर ती भार पेलत नाही. तिसरा आकडा इंजिन सुरू असतानाचा. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून, इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवून १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या खाली रेंगाळत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. १५ च्या वर चढून तिथेच राहत असेल तर अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीचे पाणी उडवून तिची पेटी फुगवील. मात्र नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे चार्जिंग ईसीयू (इंजिनचे कंट्रोल युनिट) ठरवतो. बॅटरी भरलेली असली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम उतरवतो आणि वेग कमी होताना पुन्हा चढवतो. म्हणून एका नजरेत निकाल देऊ नये, भार लावून तीन-चार मिनिटे पाहावे.

हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की बहुतेक चित्र स्पष्ट होते. विसाव्याला १२.६ आणि सेल्फ मारताना ८.५: बॅटरी भरलेली आहे पण आतून थकली आहे. विसाव्याला १२.६, सेल्फ मारताना १०.८ आणि तरी सेल्फ रखडत फिरतो: बॅटरी निर्दोष, वायर-अर्थिंग-सेल्फ या मार्गावर शोधा. विसाव्यालाच ११.९: कसलाही निकाल देऊ नका. आधी ती का उतरली ते विचारा, पूर्ण चार्ज करा, मग तपासा. हातातल्या इलेक्ट्रॉनिक टेस्टरवर ‘बदला’ असा शेरा दाखवून ग्राहकाला गप्प केले जाते, त्यात नेमकी इथेच गडबड असते. उतरलेली बॅटरी त्या यंत्राला खराबच दिसू शकते. शिवाय बॅटरीवर छापलेला सीसीए आकडा (थंडीत सेल्फसाठी ती किती करंट देऊ शकते तो) आणि त्याचे मानक (ईएन, एसएई की जेआयएस) यंत्रात नीट भरले नाही तर चांगली बॅटरीही नापास होते. यंत्रात कोणता आकडा भरला, हे विचारायला लाजू नका.

चार्जिंग म्हणजे अर्धा तास इंजिन तसेच सुरू ठेवणे नव्हे. ३५ अँपिअर-तासांची पूर्ण उतरलेली बॅटरी साडेतीन अँपिअरने भरायला दहा-बारा तास घेते.

टर्मिनल आणि अर्थिंगकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे क्वचितच कशाकडे होत असेल. क्लॅम्प हाताने पिळून पाहा; तसूभर जरी फिरला तरी तो ढिला आहे. आपल्याकडे जपानी मापाच्या बारीक खांबांच्या बॅटऱ्या आणि जाड खांबांच्या बॅटऱ्या दोन्ही चालतात. जाड खांबाचा क्लॅम्प बारीक खांबावर बसवताना मध्ये पत्र्याची पट्टी नाहीतर वायरीचा तुकडा खुपसलेला हमखास सापडतो. दिवे-हॉर्नच्या पाच-दहा अँपिअरला तेवढा संपर्क पुरतो. सेल्फच्या शंभर-दीडशे अँपिअरला तो पुरत नाही, जागा तापते आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. साफ करताना दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवावा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रम. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावे, पुसून कोरडे करावे, घट्ट आवळावे आणि नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. जेली आधी लावून क्लॅम्प बसवणे उलटे.

वरून लख्ख दिसणारी वायर आतून सडलेली असते, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जिथे खारी हवा वायरीच्या इन्सुलेशनखाली शिरून तांबे हिरवे करते. डोळ्यांना ते कळत नाही, मीटरला कळते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक; अर्धा-एक व्होल्ट दिसला तर इंजिनची अर्थिंग पट्टी बदला. तसेच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फवरचा जाड बोल्ट: तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. काही शे रुपयांची वायर हजारो रुपयांच्या बॅटरीचा बळी घेते ते असे.

स्कॅनरबद्दल, म्हणजे गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, एक इशारा. व्होल्टेज कोसळले की गाडीतली कंट्रोल युनिट्स एकमेकांशी बोलायची थांबतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवून ठेवतो. मग एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम पेटतात, स्कॅनरवर ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. त्यावरून मॉड्यूल बदलायला निघू नये. बॅटरी पूर्ण भरावी, कोड पुसावेत, गाडी चालवावी, मग जो कोड परत येईल तो खरा. पी०५६२ हा कोड तर व्होल्टेज कमी असल्याचेच सांगतो. स्कॅनरचा खरा उपयोग थेट आकडे पाहण्यात आहे: सेल्फ फिरताना आरपीएम सव्वादोनशेच्या आसपास दिसायला हवा. सेल्फ जोरात फिरत असूनही तिथे शून्य दिसले तर इंजिनचे फिरणे मोजणारा क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर हाही रोजचाच प्रकार.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळे सांगायला हवे. अनेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. पैसे वाचवायला टाकीत पेट्रोल ठेवायचेच नाही ही सवय असेल तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन पेटत नाही, आणि दहा वेळा सेल्फ मारून चांगली बॅटरी उतरते. कोरडा फिरणारा इंधनपंपही जळतो. इग्निशन लावल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने बघा. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मात्र यातले काहीच करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवी बॅटरी, चार्जिंग ठीक, तरी चार दिवस उभी राहिली की गाडी मरते, असे असेल तर कुठेतरी वीज गळते आहे. कुलूपबंद गाडीही अलार्म आणि घड्याळासाठी २० ते ५० मिलिअँपिअर घेतच असते. ५० चा हिशेब केला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर गाडी रुसते, त्यात म्हणूनच दरवेळी दोष शोधायचे कारण नाही. पण पार्किंग मोडमधला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायच्या जागी) कायम खुपसलेला डोंगल किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम मिळून २५० मिलिअँपिअर घेऊ लागली की दिवसाला ६ अँपिअर-तास जातात, तीन दिवसांत बॅटरी निम्मी. डिकीतला पाच वॅटचा एक दिवा पेटता राहिला तर दिवसाला १० जातात. तो झाकण लावल्यावर विझतो का हे बघायला फोनचा व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवावा आणि झाकण लावावे.

गळती मोजताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मालिकेत, म्हणजे सुटलेली वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये, जोडतात. बॉनेट उघडेच असते, म्हणून त्याची कडी पेचकसाने दाबून ‘बंद’ करावी, नाहीतर गाडी झोपणारच नाही. चावी लांब ठेवावी. सगळी युनिट्स झोपायला काही गाड्यांना पाऊण तास लागतो. तोवर दिसणारे आकडे निरर्थक. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज जातो. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा पडतो, त्या सर्किटवर गुन्हेगार.

अजून एक जुनी पद्धत थांबायला हवी. इंजिन सुरू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे, गाडी बंद नाही पडली म्हणजे अल्टरनेटर चांगला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे खपून गेले. आज त्या क्षणी अल्टरनेटरचे व्होल्टेज उसळते आणि ते ईसीयूमध्ये घुसू शकते. दोनशे रुपयांची तपासणी वाचवताना पन्नास हजारांचा भाग जळायचा. कोणी करू लागला तर हात धरा.

धक्का मारून सुरू करण्याचेही दिवस सरले. ऑटोमॅटिक गाडी तशी सुरू होत नाही, आणि मॅन्युअलमध्येही बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर इंधनपंप आणि ईसीयूलाच वीज नसते. जम्पर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज घ्यायची वायर) बरी, पण ती जाड हवी: पेट्रोल गाडीला किमान १६ चौरस मिलिमीटर तांबे, डिझेलला २५. ट्रकची २४ व्होल्टची यंत्रणा जोडू नये. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिथेच, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. शिवाय नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वगळून जोडणे चूक. पाच-दहा मिनिटे थांबून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर केबल लावूच नका. इलेक्ट्रिक गाडीलाही ही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही हिच्यामुळे गाडी जागी होत नाही. दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायला मात्र इलेक्ट्रिक गाडी जोडू नये, मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट देणारा तिचा कन्व्हर्टर सेल्फच्या भारासाठी नसतो.

तपासून बॅटरीच दोषी निघाली तर बदलावीच. बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळा मारतो. विदर्भातल्या मे महिन्याची झीज डिसेंबरच्या पहाटे उघडी पडते, एवढेच. घेताना उत्पादनाचा महिना वाचून घ्या, दुकानातच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल ती परत ठेवा. ‘एल’ की ‘आर’ (खांब कोणत्या बाजूला आहेत त्याची खूण) हे जुन्या बॅटरीशी जुळवा, नाहीतर वायरी पोहोचत नाहीत. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम (अशा गाडीसाठीच्या खास प्रकारची बॅटरी) असेल तर तीच घ्यावी. साधी बसवली तर लवकर निकामी होते. काही युरोपीय गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते. बदलल्यावर काचांचे ऑटो बटण पुन्हा शिकवावे लागते, त्याला बिघाड समजू नये.

वर्कशॉपवाल्यांना मागणी एवढीच की बॅटरी बदलण्याचा सल्ला देताना जॉबकार्डवर विसाव्याचे, सेल्फचे आणि चार्जिंगचे व्होल्टेज लिहून द्यावे. तीन आकडे लिहायला दहा मिनिटे लागतात. आणि ग्राहकांनी जुनी बॅटरी तशीच सोडून येऊ नये. तिच्यातल्या शिशाला मोल आहे, ती रक्कम बिलात वजा झालेली दिसली पाहिजे. आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर न जाता अधिकृत साखळीतच गेली पाहिजे.

आपला,
मोटार वीजदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, कोल्हापूर